जवसाचे फूल आणि बेलफास्टची ढाल

एखाद्या शहराची ओळख करून घ्यायची झाल्यास दोन वाटा आहेत. एक, त्याचा इतिहास वाचावा. दुसरी, त्या शहराने आपल्या दारावर आणि कागदपत्रांवर जे चिन्ह लावून घेतले असेल ते नीट निरखून पाहावे. इतिहास पुष्कळदा परके लिहितात. चिन्हाचे तसे नसते. ते शहरातील कर्ती माणसे स्वतः ठरवितात. म्हणून त्या चिन्हात काय आहे यावरून ती माणसे स्वतःला कोण समजत होती हे कळते; आणि त्यात काय नाही यावरून त्यांनी कोणाला मोजले नाही, याचाही अंदाज येतो. उत्तर आयर्लंडची राजधानी जे बेलफास्ट, तिच्या बाबतीत ही दुसरी गोष्ट फार बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे शहर जगातील लिनन कापडाचे सर्वांत मोठे केंद्र होते. लोक त्याला कौतुकाने ‘लिननोपोलिस’, म्हणजे लिनननगरी, म्हणत. आणि मौज अशी की, या लिनननगरीच्या राजमान्य नगरचिन्हात लिननचा एक धागाही नाही.

हे कोडे उलगडण्यापूर्वी लिनन म्हणजे काय ते पाहू. सुती कापड कापसाच्या बोंडापासून होते, रेशीम किड्याच्या कोशापासून. लिनन होते ते जवसाच्या काडीपासून. होय, आपल्या विदर्भ-मराठवाड्यात रब्बीच्या हंगामात होणारा, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तोच हा जवस. कोणी त्याला अळशी म्हणतात, संस्कृतात अतसी किंवा क्षुमा. क्षौम वस्त्र म्हणजे मूळचे या क्षुमेच्या धाग्याचे वस्त्र, असे कोशकार सांगतात. अतसीचे निळे फूल आपल्या जुन्या कवींना इतके प्रिय की, विष्णूच्या अंगकांतीला त्यांनी त्याचीच उपमा दिली. फरक एवढाच की, आपण जवस पेरतो तो बियांसाठी आणि तेलासाठी. म्हणून आपले झाड बुटके आणि फांद्या फुटलेले असते. आयर्लंडमधील शेतकरी तो दाट पेरीत असे, म्हणजे झाड सरळ व उंच वाढून काडी लांब मिळे.

पुढची कृती ज्यांनी अंबाडीचा वाख काढताना पाहिला आहे त्यांना नवी वाटणार नाही. पीक कापीत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे धाग्याची लांबी वाया जात नाही. मग पेंढ्या बांधून साचलेल्या पाण्यात दगडांखाली दाबून ठेवायच्या. आठदहा दिवसांत काडी कुजते, दुर्गंधी आसमंतात पसरते, आणि सालीतील वाख आतल्या काष्ठापासून सुटतो. वाळवून, ठेचून, झोडपून काष्ठ वेगळे करायचे. उरलेला वाख लोखंडी दातांच्या फण्यांतून विंचरायचा. मग सूत आणि माग. मागावरून उतरलेले कापड पिवळट करडे असते. त्या कोऱ्या कापडाला तेथे ‘तपकिरी लिनन’ म्हणत. ते धुवट, शुभ्र करण्यासाठी खारात उकळून आठवडेच्या आठवडे हिरवळीवर पसरून ठेवीत. अठराव्या शतकात अल्स्टर प्रांताच्या नदीकाठच्या टेकड्या अशा पांढऱ्या पट्ट्यांनी झाकलेल्या असत. सूत कातायचे बायकांनी, माग चालवायचा पुरुषांनी, आणि हे सारे शेतकऱ्याच्या झोपडीतच. गिरणीचे नाव नव्हते.

असा घरगुती धंदा एका शहराचे भाग्य कसा झाला? त्याच्या मुळाशी राजकारण आहे. आयर्लंडचे लोकरी कापड इंग्लंडच्या लोकर-व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत सलत होते. इ. स. १६९९ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटाने कायदा करून त्याची परदेशी निर्यात बंद पाडली. त्याआधी तीन वर्षे, १६९६ साली, आयर्लंडच्या साध्या लिननवरील आयात-जकात इंग्लंडने उठविली होती. कारण लिनन हा काही इंग्लंडचा मोठा धंदा नव्हता. एका हाताने घेतले आणि दुसऱ्या हाताने, आपले काही न जाता, दिले. राज्यकर्त्यांच्या औदार्याचा हा नमुना आपल्या परिचयाचा आहे. त्याच सुमारास फ्रान्समधून धर्मछळामुळे परागंदा झालेले ह्यूगनो पंथाचे प्रॉटेस्टंट कारागीर आयर्लंडमध्ये येऊन वसत होते. त्यांपैकी लुई क्रॉमलिन याने राजा तिसरा विल्यम याच्या आश्रयाने १६९८ च्या सुमारास बेलफास्टजवळच्या लिस्बर्न गावी आपले बिऱ्हाड मांडले. लिननचा धंदा त्यानेच आणला असे पूर्वी सांगत. ते खरे नाही, विणकर तेथे आधीपासून होते. परंतु चांगले माग, चांगली कसब आणि थोडे भांडवल त्या लोकांनी आणले, हे निश्चित. १७११ साली धंद्याच्या देखरेखीसाठी सरकारी लिनन मंडळ स्थापन झाले.

बेलफास्टचे व्यापारी प्रथम आपला माल डब्लिनच्या लिनन हॉलमध्ये नेऊन विकीत. पुढे त्यांना हा हेलपाटा आणि डब्लिनची मक्तेदारी दोन्ही नकोशी झाली. त्यांनी वर्गणी काढून आपल्या गावात धुवट कापडाचा स्वतंत्र बाजार बांधला. तो ‘व्हाइट लिनन हॉल’ १७८५ साली सुरू झाला. याच हॉलमध्ये १८०२ पासून गावच्या वाचकमंडळींचे ग्रंथालयही नांदत होते. १७८८ मध्ये स्थापन झालेले ते ग्रंथालय ‘लिनन हॉल लायब्ररी’ या नावाने आजही चालू आहे आणि आता लिननच्याच एका जुन्या वखारीत आहे. व्यापार आणि वाचन एका छपराखाली असणे हे त्या काळच्या बेलफास्टचे वैशिष्ट्य होते.

मग आली यंत्रे. गंमत अशी की प्रथम ती आली कापसासाठी. अठराव्या शतकाच्या शेवटच्या पाव भागात बेलफास्टमध्ये कापसाच्या गिरण्या निघाल्या आणि लिननची पीछेहाट होणार असे दिसू लागले. जवसाचा धागा ताठ आणि चिकट. यंत्रावर त्याचे बारीक सूत निघेना. नेपोलियनने १८१० साली जवस कातणाऱ्या यंत्रासाठी दहा लाख फ्रँकचे बक्षीस लावले होते, यावरून प्रश्न किती अवघड होता ते कळावे. उत्तर शेवटी साधे निघाले: धागा चातीवर जाण्यापूर्वी पाण्यातून न्यायचा. वाखातील डिंकासारखे द्रव्य पाण्याने सैल होते, तंतू एकमेकांवरून सरकतात आणि हवे तितके बारीक सूत निघते. प्रेस्टनच्या जेम्स के याने ही ओल्या कताईची रीत १८२५ च्या सुमारास व्यवहारात आणली. १८२८ साली बेलफास्टच्या यॉर्क स्ट्रीटवरील मलहॉलंड घराण्याची कापूस-गिरणी आगीत जळाली. तेव्हा मालकांनी विचार केला की, कापसात मँचेस्टरशी टक्कर देण्यापेक्षा जवसाकडेच वळावे. १८३० साली त्याच जागी ओल्या कताईची जवस-गिरणी उभी राहिली आणि इतरांनी तिचा कित्ता गिरविला. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापूस मिळेनासा झाला आणि लिननला न भूतो अशी मागणी आली. १८३१ मध्ये बेलफास्टची वस्ती सुमारे ५३ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ३ लाख ४९ हजार झाली. १८८८ साली व्हिक्टोरिया राणीने त्याला ‘सिटी’ हा दर्जा दिला.

दर्जा मिळाला म्हणजे त्याला शोभेसे चिन्ह हवे. युरोपात ढालीवर चिन्हे रंगविण्याची प्रथा रणांगणावर सुरू झाली. चिलखतात झाकलेला सरदार ओळखू यावा, एवढाच तिचा मूळ हेतू. पुढे ती घराण्यांची आणि नगरांची मानखूण बनली आणि तिचे एक शास्त्रच झाले. कोणते रंग एकमेकांवर यावे, कोणता प्राणी कोणत्या मुद्रेत असावा, याचे नियम ठरले आणि ते पाळले जातात की नाही हे पाहण्यास राजाने अधिकारी नेमले. आयर्लंडसाठी हा अधिकारी ‘अल्स्टर किंग ऑफ आर्म्स’ या भारदस्त नावाने १५५२ पासून डब्लिनमध्ये बसत असे. त्याने ३० जून १८९० रोजी बेलफास्टचे नगरचिन्ह मंजूर केले.

त्या चिन्हाचे आता एकेक अंग पाहू. मध्ये ढाल. ती आडवी दुभागलेली आहे. वरचा भाग रुपेरी, खालचा निळा. खालच्या निळ्या भागात लाटांवर शिडे उभारलेले गलबत. वरच्या भागात मध्यावर खाली टोक करून उतरणारा एक त्रिकोण, त्यावर निळ्या-पांढऱ्या घंटाकृती तुकड्यांची नक्षी. ही नक्षी म्हणजे खारीची कातडी जोडून शिवलेल्या सरदारी अस्तराचे चित्र होय. आपल्या डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात तांबडा चौकोन आणि त्यात रुपेरी घंटा. ढाल सावरून धरणारे दोन प्राणी: आपल्या डावीकडे लांडगा, त्याच्या गळ्यात सोन्याचा मुकुट आणि सोन्याची साखळी; उजवीकडे समुद्राश्व, म्हणजे पुढून घोडा आणि मागून मासा. माथ्यावर आणखी एक समुद्राश्व. दोन्ही समुद्राश्वांच्या गळ्यात तटबंदीच्या आकाराचा मुकुट आहे; तो नगराची खूण. आणि पायाशी फितीवर लॅटिन ब्रीद.

यातील घंटा हा निव्वळ श्लेष आहे. इंग्रजीत घंटेला ‘बेल’ म्हणतात. बेलफास्टमधला ‘बेल’ म्हणजे घंटा, असे समजून कोणी तरी ती बसविली. नावावर कोटी करून चिन्ह ठरविण्याचा हा प्रकार त्या शास्त्रात सर्रास चालतो. वस्तुतः शहराचे नाव आयरिश भाषेतले आहे, ‘बेल फेर्स्टे’, आणि त्याचा अर्थ वाळूच्या बांधापाशी असलेले नदीचे मुख. ही नदी म्हणजे फारसेट. तिच्याच मुखाशी गाव वसले, तिच्याच पाण्यावर पुढे गिरण्या चालल्या. आज ती हाय स्ट्रीटच्या खालून, बंद नळातून वाहते. वरून चालणाऱ्याला तिचा पत्ता नसतो. ज्या नदीने नाव दिले ती जमिनीखाली आणि नावाचा चुकीचा अर्थ ढालीवर, अशी ही स्थिती आहे. तथापि घंटा १८९० मध्ये नव्याने शोधलेली नव्हे. सतराव्या शतकात गावचे व्यापारी सुट्ट्या नाण्यांची टंचाई भागविण्यासाठी स्वतःची तांब्याची टोकने काढीत. घंटा आणि गलबत ही चिन्हे त्यांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर तेव्हापासूनच आढळतात.

लांडगा आणि खारीची नक्षी यांचे मूळ वेगळे आहे. इ. स. १६०० च्या आसपास इंग्रजांनी अल्स्टर प्रांत तलवारीने जिंकला. त्या मोहिमेतील सेनानी सर आर्थर चिचेस्टर याला बेलफास्टची जमीन बक्षीस मिळाली. १६१३ साली पहिल्या जेम्स राजाच्या सनदेने गावाला नगराचे हक्क मिळाले, ते याच्याच खटपटीने. त्याचे वंशज पुढे डोनेगलचे सरदार झाले आणि दोन शतकांहून अधिक काळ जवळजवळ सारे शहर त्यांच्या मालकीचे राहिले. ही खारीची नक्षी आणि साखळी बांधलेला लांडगा त्या घराण्याच्याच चिन्हातले. जमीनदाराने आपला शिक्का गावाच्या कपाळावर मारून ठेवला, म्हणा ना.

म्हणजे या ढालीवर जमीनदार आहे. गलबत आणि समुद्राश्व यांच्या रूपाने व्यापारी आणि बंदर आहे. घंटेच्या रूपाने एक शाब्दिक कोटीही आहे. ज्याने पन्नाससाठ वर्षांत गावाचे महानगर केले ते जवसाचे झाड मात्र नाही, चाती नाही, धोटा नाही. याचे एक कारण सरळ आहे. चिन्हशास्त्र जुन्याला मान देते. २०० वर्षांपूर्वीचे टोकन आजच्या गिरणीपेक्षा अधिक खानदानी ठरते. परंतु दुसरेही एक कारण असावे असे मला वाटते. गिरण्यांत राबणाऱ्यांपैकी बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती, आणि त्यांना नगराचे प्रतिनिधी मानण्याची त्या काळी कोणाची कल्पनाच नव्हती.

त्यांचे जिणे कसे होते? ओल्या कताईच्या खात्यात उन्हाळा-हिवाळा सारखीच दमट वाफ. चात्यांवरून उडणारे पाणी अंगावर आणि जमिनीवर. म्हणून कामकरी मुली अनवाणी काम करीत. तेथून निघून हिवाळ्याच्या पहाटवाऱ्यात किंवा रात्रीच्या थंडीत ओल्या कपड्यांनी घरी जायचे. वाख विंचरण्याच्या खात्यात उलट प्रकार: तेथे पाणी नाही, पण बारीक धूळ. ती छातीत बसून तरुण माणसाला दमेकरी करी. गिरण्यांच्या आरोग्य-तपासणीसाठी नेमलेले डॉ. पर्डन यांनी १८७० नंतरच्या दशकात या मृत्यूंचा हिशेब मांडून तो छापून प्रसिद्ध केला. मुले अर्धवेळ कामाला असत. एक दिवस गिरणी, एक दिवस शाळा. शाळेच्या दिवशी ती बाकावर झोपी जात, यात नवल नाही. आणि वरच्या चांगल्या पगाराच्या जागा, विशेषतः जहाजबांधणी आणि यंत्रकामाच्या कारखान्यांतील, बहुशः प्रॉटेस्टंट पुरुषांकडे. त्यामुळे गरिबीतही धर्माची भिंत उभीच होती.

१९११ च्या शरदात काही गिरण्यांनी नवे नियम लावले. काम चालू असता बोलणे, हसणे, गाणे, केस सारखे करणे, या सर्वांस दंड. मुलींनी संप केला. कामगारपुढारी जेम्स कॉनोली त्यांच्या मदतीस आला. पैशाच्या अभावी संप टिकणार नाही हे दिसताच त्याने त्यांना एक सल्ला दिला: सर्वांनी एकत्र, गात गातच कामावर परत जा, एकीला बोलतील तर सगळ्याजणी गा, एकीला काढतील तर सगळ्याजणी बाहेर पडा. पगार वाढला नाही. पण नियम कागदावरच राहिले. त्यांच्या संघटनेची चिटणीस म्हणून १९१२ पासून विनिफ्रेड कार्नी या तरुण स्त्रीने काम पाहिले.

पहिल्या महायुद्धात विमानांच्या पंखांवर ताणून बसवायला आयरिश लिनन लागले आणि गिरण्यांना पुन्हा बरकत आली. ती शेवटची म्हणावी लागेल. पुढे स्वस्त सूत, बदललेल्या पोशाखाच्या रीती आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम धागे यांपुढे लिननचा निभाव लागेना. यॉर्क स्ट्रीटची प्रचंड गिरणी १९४१ च्या जर्मन बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाली; थोडीबहुत उभारून चालविलेली ती कंपनी १९६१ मध्ये बंद झाली. एकामागून एक चिमण्या थंडावल्या.

आणि येथे या कथेला एक अनपेक्षित वळण मिळते. गिरण्या गेल्या आणि जवसाचे फूल चिन्हात आले! १९६९ च्या सुमारास सुरू झालेल्या रक्तरंजित संघर्षात उत्तर आयर्लंडमधील प्रत्येक चिन्ह कोणत्या ना कोणत्या पक्षाचे झाले होते. मुकुट आणि तांबडा पंजा एका बाजूचे समजत. वीणा आणि हिरवा रंग दुसऱ्या बाजूचे. भिंतींवरची चित्रे पाहून वस्ती कोणाची हे सांगता येई. अशा वेळी दोन्ही पंथांना आपले वाटेल असे काय उरले होते? उरले होते ते जवस. १९८६ साली ब्रिटनच्या एक पौंडाच्या नाण्यावर उत्तर आयर्लंडसाठी जवसाचे रोप घेतले गेले. १० एप्रिल १९९८ रोजी गुड फ्रायडे करार झाला आणि त्यातून जे नवे विधिमंडळ जन्मास आले, त्याने आपले चिन्ह म्हणून सहा काउंट्यांची सहा जवसाची फुले स्वीकारली. २००९ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या चिन्हातही उत्तर आयर्लंडची खूण म्हणून तेच निळे फूल गुंफले आहे. कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट मुलींनी एकाच वाफेत श्वास घेऊन कातलेला तो धागा. म्हणून त्याच्यावर कोणा एकाचा हक्क नाही. चिन्हशास्त्राने ज्याला वगळले त्याच्याकडेच शेवटी समेटासाठी यावे लागले.

आता पायाशी असलेल्या ब्रीदाकडे वळू. आपल्या मुंबई महानगरपालिकेने जसे आपले ब्रीद महाभारतातून घेतले, तसे बेलफास्टने बायबलातील एका स्तोत्राच्या आधारे घेतले आहे: ‘प्रो टांटो क्विड रेट्रिब्युआमुस’. अर्थ असा की, इतके मिळाले, त्याच्या बदल्यात आम्ही परत काय द्यावे? बहुतेक ब्रीदे प्रौढी मिरवितात किंवा आज्ञा करतात. हे ब्रीद प्रश्न विचारते. मूळ स्तोत्रात तो प्रश्न परमेश्वराच्या उपकारांविषयी आहे. परंतु १८९० च्या बेलफास्टमध्ये राहून तो वाचणाऱ्याला, हे ‘इतके’ कोणाच्या हातांनी मिळाले, याचे उत्तर रस्त्यावरून अनवाणी जाताना दिसत होते.

त्या प्रश्नाचे उत्तर शहराने अत्यंत सावकाश दिले. व्हाइट लिनन हॉल पाडून त्याच जागी सिटी हॉलची भव्य इमारत बांधली गेली; ती १९०६ मध्ये खुली झाली आणि तिच्या आवारात राणीचा, महापौरांचा, कारखानदारांचा असे पुतळे उभे राहिले. सिटी हॉलच्या आत जॉन लूक या चित्रकाराने १९५१ मध्ये मोठे भित्तिचित्र काढले. त्यात सनद वाचणारा चिचेस्टर आहे, आणि त्याच्याभोवती सूत आणि माग यांवर काम करणारी माणसेही आहेत. १९९२ मध्ये शहरातील एका हमरस्त्यावर अज्ञात कामकरी स्त्रीचे स्मारक उभारले गेले. आणि ८ मार्च २०२४ रोजी, जागतिक महिला दिनी, सिटी हॉलच्या आवारात दोन स्त्रियांचे पुतळे बसविण्यात आले: एक गुलामगिरीविरुद्ध आणि गरीब मुलांसाठी आयुष्यभर झटलेली मेरी ॲन मॅक्रॅकन, आणि दुसरी गिरणी-मुलींच्या संघटनेची चिटणीस विनिफ्रेड कार्नी.

ढाल आहे तशीच आहे. लांडग्याच्या गळ्यातील साखळी, घंटा, गलबत, काही बदललेले नाही. बदलावे असेही नाही, कारण जुन्या चिन्हाने आपल्या काळाची साक्ष द्यावी, हेच त्याचे काम. मात्र जेथे एके काळी धुवट लिननचे तागे उलगडून त्यांची किंमत होत असे, तेथे आता ते सूत कातणाऱ्या मुलींची कैवारी उभी आहे, आणि इमारतीवर कोरलेला प्रश्न अजूनही विचारला जात आहे.